पिंजऱ्याचा चौथा पाय

फोरमनला कोणी कंजूष म्हणावं, तापट म्हणावं, घोरतो म्हणावं, तो हसून सोडून देई. पण त्याच्या कामात फट आहे असं कोणी म्हटलं की संपलं. कारखान्यात असताना एका साहेबाशी याच गोष्टीवरून वाजलं, नोकरी गेली, आणि ‘फोरमन’ हे नाव तेवढं मागे चिकटून राहिलं. आता घराच्या खालीच त्याचं शटरचं दुकान होतं. गेट, ग्रिल, जिने, पाण्याच्या टाकीचे स्टँड, म्हणाल ते. काम घेऊन गिऱ्हाईक निघालं की तो मागून ओरडून सांगायचा, "जोडावर पाणी ओतून बघा हो. थेंब गळला तर काम फुकट." आजवर कोणी ओतून पाहिलं नव्हतं, हा भाग वेगळा.

तर अशा माणसाने बांधलेल्या पिंजऱ्यातून एक पाखरू नाहीसं झालं.

सून सकाळी दाण्यांची वाटी हातात घेऊन तशीच खाली दुकानात आली. "बाबा, एक कमी आहे," ती म्हणाली.

"मोजायला चुकली असशील. एका जागी बसतात का ती?"

"तीनदा मोजलं."

फोरमन गेला आणि त्यानेही मोजलं. एक कमीच होतं. पिंजऱ्यात मेलेलं पाखरू नव्हतं, रक्त नव्हतं, साधं पीस नव्हतं. कडी लावलेली होती. पाखरू जणू हवेत विरघळून गेलं होतं. फोरमन त्या जाळीकडे बघत उभाच राहिला, कारण ही पाखरं साधीसुधी पाखरं नव्हती.

त्याआधीची गोष्ट सांगायला हवी. सुनेला दिवस गेले होते आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं. हॉस्पिटलातून ती घरी आली तेव्हापासून घरातली माणसं पाय न वाजवता चालत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की यात कोणाचाच दोष नसतो, पण ते त्या चिरंजिवांना म्हणाल्या, बाहेरच्या बाकावर. चिरंजिवांनी ते आईला सांगितलं, आईने फोरमनला. सुनेला सांगायचं मात्र प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने सांगितलं असेल. मग चिरंजीव तिच्या माहेरी गेले आणि तिने शाळेत असल्यापासून पाळलेले फिंच घेऊन आले, पाच जोड्या. चिमणीपेक्षा लहान जीव, चोच लाल, गालावर नारिंगी ठिपका, आणि आवाज म्हणजे लहान मुलांच्या खेळण्यातला भोंगा. त्या दिवशी दांडीवरच्या जागेसाठी त्यांचं भांडण बघून सून हसली. खाली दुकानात फोरमन तोंडावर वेल्डिंगचा मास्क लावून बसला होता. त्याने मास्क वर केला आणि ते हसू संपेपर्यंत ऐकलं.

फोरमनला बोलता येत नव्हतं असं नाही, उलट नको तेवढं येत होतं. पण मायेचं काही बोलायचं म्हटलं की त्याचा घसा बसायचा. म्हणून त्याने पिंजरा बांधला. मागच्या अंगणात, मोरीच्या नळीपलीकडे, माणूस आत उभा राहील एवढा उंच. चौकोनी पाईपचा सांगाडा, बारीक जाळी, कोपऱ्याकोपऱ्यात घरट्यासाठी टांगलेली मडकी. गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारली, दुकानात होतं नव्हतं ते सामान त्यात घातलं, आणि वरून हिरवा रंग मारला. रंग मारला की फोरमनच्या लेखी काम संपलं. सुनेने पाखरं आत सोडली आणि म्हणाली, "बाबा, हा तर बंगलाच झाला." फोरमन नुसता खाकरला आणि चहा मागितला. त्या दिवशी त्याने दोन कप चहा प्यायला.

आणि आता त्या बंगल्यातून एक गेलं.

"मांजर," फोरमनने निकाल दिला. मांजर जाळीला पंजा घालून पाखरू ओढतं हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. त्याने चार बोटं अंतर सोडून बाहेरून दुसरी जाळी ठोकली. आता मांजराने पंजा घातला तरी आत पोचायचा नाही. घरातल्यांना बरं वाटलं. मग आठवड्याने दुसरं पाखरू गेलं. पुन्हा पीस नाही, रक्त नाही.

"घूस. खालून उकरते." त्याने पिंजऱ्याच्या तळात सिमेंट ओतलं, वर घोटून काढलं. तिसरं गेलं. "मग वरून येत असणार, शिकरा नाहीतर कावळा," असं म्हणून त्याने छपराला पत्रा मारला, ज्याचा आणि कावळ्याचा काही संबंध नव्हता, कारण वरची जाळी जागच्या जागी होती. फोरमनची बायको म्हणाली, "आता एवढी तिजोरी केलीच आहे, तर माझ्या बांगड्याही आत ठेवा." एरवी तो हसला असता. त्या दिवशी तो जेवला नाही.

प्रत्येक वेळी सून उरलेली मोजायची. बोटं हलायची, ओठ मिटलेले. तिचं हसू पहिल्या पाखराबरोबरच गेलं होतं. फोरमनला ते दिसत होतं आणि सहन होत नव्हतं, आणि त्याला जे सहन होत नाही त्याचा त्याला राग येतो. चौथं पाखरू गेलं त्या दुपारी तो राग बाहेर पडला.

सगळे चहाला बसले होते. चिरंजीव लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर गेलेले, घरात तिघंच.

"दाणे घालताना दार मागे लोटून घेतेस का?" फोरमनने विचारलं.

"घेते बाबा. कडी दोनदा बघते."

"मग जातात कुठे? मांजर बंद, घूस बंद, वरून पत्रा. दाराशिवाय राहिलंय काय?"

सुनेने अंगणाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "मला वाटतं पिंजऱ्यातच कुठेतरी काहीतरी आहे. रात्री ती मोरीकडच्या कोपऱ्यातल्या मडक्यात झोपत नाहीत. सगळी दुसऱ्या टोकाला दाटी करून बसतात. एकदा सगळा पिंजरा आतून बघायला हवा."

फोरमनने एवढंच ऐकलं, की पिंजऱ्यात काहीतरी आहे. त्याच्या पिंजऱ्यात.

"माझ्या कामाला नाव ठेवू नकोस," तो म्हणाला. "सांभाळायला दिलेलं तुझ्या हातून निसटतं. त्याला पिंजरा तरी काय करणार?"

बाहेर पाखरांचे भोंगे वाजत होते. फोरमनला आपण काय बोललो हे कळायला श्वास आत जाऊन बाहेर येईपर्यंतचा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्याचे कान तापले. सून त्याच्याकडे बघत होती. रडत नव्हती, रागावलीही नव्हती. एखाद्याने अचानक थोबाडीत मारल्यावर माणूस आधी नुसता बघत राहतो, तशी बघत होती. मग तिने बशी खाली ठेवली, आवाज होऊ न देता, आणि आत गेली.

"तुमच्या जिभेला काही हाड?" बायको म्हणाली. एवढंच म्हणाली आणि कपबशा गोळा करू लागली.

आता खरं म्हणजे उठायचं, आत जायचं आणि म्हणायचं, पोरी, माझं चुकलं. रस्ता सरळ होता, चार पावलांचा. पण फोरमन दुकानात गेला आणि एक कुलूप घेऊन आला. पिंजऱ्याला ते लावलं, किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली. तोंडाने म्हणाला, "आता बघू." त्याला म्हणायचं होतं, आता बघू काय येतं ते. घरात सगळ्यांनी ऐकलं ते असं, की आता बघू दोष कोणाचा ते.

दाणापाणी तोच करू लागला. सून स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. आठवडा गेला, वर आणखी एक-दोन दिवस गेले, आणि एकही पाखरू कमी झालं नाही. फोरमनला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्या आनंदाला वाईट वास येत होता, कारण पाखरं टिकली याचा अर्थ सूनच निष्काळजी होती, आणि तो अर्थ घरात फिरत होता. ती जेवताना मान वर करेनाशी झाली. चिरंजीव बापाशी कामापुरतं बोलू लागले. एकदा फोरमन बायकोला म्हणाला, "बघितलंस ना?" ती कूस बदलून झोपली.

मग एका सकाळी त्याने कुलूप काढलं आणि त्याचे हात थांबले. मोरीकडच्या त्या कोपऱ्यातल्या मडक्यात एक मादी अंड्यांवर बसलेली असायची. हे मडकं एरवी पाखरं टाळायची, पण हिने तिथेच अंडी घातली होती आणि ती हटायला तयार नव्हती. आता मडक्याच्या काठावर नुसता नर होता, चोच वासून ओरडणारा. फोरमनने मडक्यात बोटं घातली. अंडी थंड होती. त्याने पाखरं मोजली, पुन्हा मोजली, दांड्यांमागे बघितलं, पाण्याच्या भांड्यात बघितलं, वेड्यासारखं स्वतःच्या खिशातही बघितलं. कुलूप त्याने लावलं होतं. किल्ली त्याच्या गळ्यात होती. रात्रभर छातीला टोचत होती.

आता दोष द्यायला जगात कोणी उरलं नव्हतं.

क्षणभर त्याच्या मनात आलं, बाजारातून तसलीच एक मादी आणून सोडावी. कोणाला कळतंय. लाज वाटण्यासारखाच विचार होता, आणि त्याला लाज वाटलीही. पण मान वर केली तर खिडकीत सून उभी होती. तिची बोटं हलून झाली होती. ती खिडकीतून मागे सरली.

थोड्या वेळाने बायको दुकानात आली. "ती माहेरी चालली आहे. दुपारच्या गाडीने. पाखरंही नेते म्हणाली."

"किती दिवस?"

"ते मी विचारलं नाही. तुम्ही विचारा, तुम्हाला फार चांगलं बोलता येतं."

मग सून अंगणात आली. हातात पुठ्ठ्याचं खोकं, त्याला हवेसाठी भोकं पाडलेली. "बाबा, किल्ली," ती म्हणाली. फोरमनने दोरी डोक्यावरून काढून तिच्या हातात दिली. बोलायला हीच वेळ होती, आणि पुन्हा घसा बसला.

ती आत शिरली आणि एकेक पाखरू पकडून खोक्यात ठेवू लागली. तिची पकडायची रीत बघण्यासारखी होती. झडप नाही, घाई नाही, हात आधीच तिथे असायचा आणि पाखरू आपण होऊन त्यात यायचं. या हातातून काही निसटेल हे आंधळ्यालाही खरं वाटलं नसतं. फोरमनला तिथे उभं राहवेना, जावंसंही वाटेना. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्याने छोटी हातोडी उचलली आणि आत शिरून पिंजऱ्याचे पाय ठोकून बघू लागला. दुकानातली त्याची जुनी सवय. पोकळ पाईप ठोकला की टणकन वाजतो, जोड कच्चा असेल तर आवाज फाटतो.

पहिला पाय वाजला, टण्ण. दुसरा, टण्ण. तिसराही तसाच. चौथा वाजला ठप्प, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा.

त्याने पुन्हा ठोकलं. ठप्प.

सून शेवटचं पाखरू खोक्यात ठेवून थांबली. तिने त्याच्याकडे बघितलं. त्या चहानंतर दोघांनी एकमेकांकडे सरळ बघितलं ते तेव्हा. पायाच्या वरच्या टोकाला तेच कोपऱ्यातलं मडकं टांगलेलं होतं, थंड अंड्यांचं. ती पुढे झाली आणि तिने दोन्ही हातांनी ते तारेवरून अलगद उतरवलं.

मडक्यामागे पाईपला एक भोक होतं. दोन बोटं जातील एवढं. आणि भोक त्यांच्याकडे बघत होतं.

ती किंचाळली नाही. मडकं छातीशी धरून एक पाऊल मागे सरली. भोकातून चपटं तपकिरी तोंड बाहेर आलं, जीभ लवलवली, आणि तोंड पुन्हा आत गेलं, निवांत, आपल्या घरात गेल्यासारखं. फोरमनच्या तोंडचं पाणी पळालं. पण हात चालले. खांद्यावरचं फडकं ओढून त्याने भोकात कोंबलं, बाहेर धावला आणि पायाच्या बुडाशी बसला. बाकी तीन पायांच्या तोंडांना काळी प्लास्टिकची बुचं होती. चौथ्याला नव्हतं. तो पाय अर्धा विटेवर टेकला होता, अर्धा हवेत, आणि तोंड मोरीच्या नळीकडे उघडं.

आणि मग त्याला सगळं आठवलं. घाईत चौथ्या पायाला पाईप कमी पडला होता. दुकानाच्या कोपऱ्यात जुन्या गेटचा एक खांब होता, त्याच मापाचा. त्याला कडी जायचं भोक होतं. ते आतल्या बाजूला येईल असा त्याने तो फिरवला, वर मडकं टांगलं, म्हणाला, आतलं कोणाला दिसतंय. खालचं तोंड चेपलेलं, बूच बसेना, म्हणाला, असू दे, खाली वीट आहेच. दुकानातल्या कारागिराने हे केलं असतं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. मांजराला दोन जाळ्या, घुशीला सिमेंट, कावळ्याला पत्रा, माणसाला कुलूप. आणि सापाला त्याने जिना बांधून दिला होता, थेट मडक्याच्या दारात उघडणारा. एक गिळावं, आठवडाभर पाईपमध्ये पडून जिरवावं, पुन्हा वर यावं. कुलपाच्या त्या आठवड्यात चोर आत झोपला होता आणि फोरमन सुनेवर पहारा करत होता.

बुडाच्या तोंडातही फडकं कोंबून, वर-खाली ग्राइंडर मारून त्याने तो पाय कापून काढला, पिंजऱ्याला टेकू दिला आणि पाईप उचलून मागच्या पडीक जागेत नेला. सून मागोमाग आली, मडकं हातातच. फडकं काढून त्याने पाईप कलता केला. धामणीचं पिल्लू, दीड-दोन हात लांब, बाहेर सांडलं. विषारी नव्हतं, एवढं फोरमनला कळत होतं. पण अंगाच्या मधोमध एक फुगवटा होता. तो कशाचा हे दोघांनाही कळत होतं. साप गवतात गेला आणि दोघं रिकाम्या गवताकडे बघत राहिले.

सुनेने खाली वाकून पाईपच्या भोकात बोट घातलं, कडेने फिरवलं. "गंजून पडलं असेल ना हे," ती म्हणाली. "पावसापाण्याने."

तिने उत्तर त्याच्या हातात आयतं दिलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. लोखंडाला दोष दिला की लोखंड काही भांडायला येत नाही. फोरमनने तोंड उघडलं, आणि या वेळी घसा बसला तरी तो बोलला.

"नाही. भोक आधीपासून होतं. मला माहीत होतं. मीच आतल्या बाजूला फिरवलं, कोणाला दिसू नये म्हणून."

तिने भोकातून बोट काढून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या हातून नाही गेलं."

फोरमनला कळलं की ती पाखरांबद्दल बोलत नाही. निदान फक्त पाखरांबद्दल नाही.

"नाही गं पोरी," तो म्हणाला. "तुझ्या हातून काहीच गेलं नाही. पाखरंही नाहीत आणि ते... तेही नाही. डॉक्टरीणबाई त्याच दिवशी म्हणाल्या होत्या, यात कोणाचा दोष नसतो. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तुला सांगायचं राहिलं."

"राहिलं?" ती म्हणाली.

तिचा चेहरा त्या दिवशी चहाच्या वेळी झाला होता तसा झाला. आणि मग ती तिथेच गवतात बसली आणि रडली, हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने, मडकं मांडीत धरून. बायको आवाज ऐकून धावत आली, तिने एकदा कापलेल्या पाईपकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, आणि काही न विचारता सुनेजवळ बसली. फोरमन दोन हात लोंबकळत ठेवून उभा होता. त्याला कोणी बस म्हणालं नाही आणि तो बसला नाही.

दुपारची गाडी निघून गेली. सून राहिली म्हणून गाडी गेली, की रडण्यात वेळ गेला म्हणून, हे कोणी विचारलं नाही. फोरमनने दुकानातून नवा पाईप घेतला, कोरा, मापाला कापला. बूच आणलं नाही. पत्र्याचा चौकोनी तुकडा कापून तो बुडाला वेल्ड केला, चारही बाजूंनी. मास्क वर करून बघतो तर दुकानाच्या दारात सून उभी. डोळे सुजलेले, हातात बादली आणि तांब्या.

"गार झालं का?" तिने विचारलं.

"झालं असेल."

"मग उभा धरा."

फोरमनने पाईप उभा धरला, वेल्ड केलेलं टोक खाली. तिने स्टुलावर चढून वरून तांब्याने पाणी ओतलं. एक तांब्या, दुसरा, तिसरा, पाईप काठोकाठ भरेपर्यंत. मग ती उतरून उकिडवी बसली आणि जोडाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत हे कोणी केलं नव्हतं. फोरमनने पाईप घट्ट धरला होता आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. तिने जोडाखालच्या जमिनीवर हात फिरवून बघितला.

"कोरडं आहे," ती म्हणाली. "बसवा. पण मडकं टांगायच्या आधी मला आतून बघू द्या."

"बघ," फोरमन म्हणाला. "सगळं बघ."